अश्वगंधाच्या तीन बरण्या आणि एक कोरी पुडी : अन्न व औषध प्रशासनाला खान्देशातून खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : वनौषधी, चूर्णे आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या यांवरील नियंत्रण कुठे कडक हवे आणि कुठे अजिबात नको, याबाबत.

महोदय,

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत वैद्यकी करणारे, मेडिकल चालवणारे, काष्ठौषधी विकणारे आणि चूर्ण-काढे बनवणारे असे आम्ही काही जण मिळून हे पत्र लिहीत आहोत. आमच्यात सगळ्या बाबतीत एकमत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. आमच्यातल्या काहींना वाटते की साध्या अश्वगंधालाही डॉक्टरची चिठ्ठी लागावी. काहींचे म्हणणे गावातल्या म्हाताऱ्याच्या तोंडचे आहे : ‘मी मनी दवाई खास, तुमनं काय जास?’ (मी माझे औषध खातो, तुमचे काय जाते?) एका बाबतीत मात्र सगळ्यांचे जुळले. माणसाने काय खावे यावर पहारा नको, पण पुडीवर जे लिहिले आहे तेच आत आहे का, यावर तो हवा. आज नेमके उलटे चालले आहे.

उदाहरणाला अश्वगंधाच घेऊ. मध्य प्रदेशातल्या नीमचच्या मंडीतून खान्देशात पोत्याने मुळ्या येतात. काष्ठौषधीच्या दुकानात ती सुटी मुळी मिळते. ती बरणी पहिली. तिला औषध कायद्याचा परवाना नाही, लेबल नाही, गिऱ्हाईक मुळी मोडून, वास घेऊन, चावून बघतो आणि घेतो. दुसऱ्या बरणीत तीच मुळी वस्त्रगाळ चूर्ण होऊन येते. तिच्यावर आयुर्वेदिक उत्पादन परवान्याचा क्रमांक असतो, कारण १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याप्रमाणे आयुर्वेदिक औषध विकायला परवाना लागत नाही, बनवायला लागतो. तिसरी बरणी मेडिकलच्या काचेत ठेवलेली. आत कॅप्सूल, कॅप्सूलमध्ये अश्वगंधाचा अर्क, आणि बाहेर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी क्रमांक. म्हणजे कायद्याच्या लेखी ते अन्न. त्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे बारीक अक्षरात छापलेले असते आणि वर पीळदार दंडाचे चित्र.

वनस्पती एकच, पण कायदे वेगळे, निरीक्षक वेगळा, शिक्षा वेगळी. हे एक वेळ चालून जाईल. जे चालत नाही ते पुढे आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ४० प्रमाणे कोणताही ग्राहक फी भरून विकत घेतलेला पदार्थ अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. माल खोटा निघाला तर फी परत मिळते. म्हणजे तिसरी बरणी तपासून मागायचा हक्क आहे. ॲलोपॅथीची गोळी असेल तर औषध कायद्याच्या कलम २६ खाली तसाच हक्क आहे. दुसऱ्या बरणीला मात्र तो नाही. कलम २६ ज्या प्रकरणात आहे ते प्रकरण कलम ३३-ए मुळे आयुर्वेदिक, सिद्ध आणि युनानी औषधांना लागू होत नाही, आणि कलम ३३-एच ने जी कलमे उचलून आणली आहेत ती २२ ते २५ एवढीच. सव्वीसावे मागेच राहिले. त्यामुळे परवान्याचे आयुर्वेदिक चूर्ण हातात घेऊन एखादा शेतकरी म्हणाला, ‘पैसे घ्या पण यात काय आहे ते सांगा,’ तर त्याला निरीक्षकाची मर्जी राखण्यापलीकडे मार्ग नाही. स्वातंत्र्याच्या गप्पा मारणाऱ्यांनी आणि नियंत्रणाची बाजू घेणाऱ्यांनी, दोघांनीही या एका कलमाकडे बघावे असे आम्हाला वाटते. हा केंद्राचा कायदा आहे हे आम्ही जाणतो. तरी ही दुरुस्ती करण्याची शिफारस राज्याकडून जाऊ शकते.

आता कोऱ्या पुडीकडे येऊ.

सांधेदुखी, साखर, दमा आणि ‘ताकद’, या चार तक्रारींवर आठवडे बाजारात, एसटी स्टँडच्या बाहेर आणि यात्रेत बिनलेबलाच्या पुड्या विकल्या जातात. त्यावर कंपनीचे नाव नाही, घटक नाहीत, तारीख नाही. विकणारा सांगतो, डोंगरातली जडीबुटी. असल्या पुड्यांत काय निघते हे देशभर पुन्हा पुन्हा दिसले आहे : सांधेदुखीच्या पुडीत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड आणि जोडीला डायक्लोफेनॅक, साखरेच्या पुडीत ग्लिबेनक्लामाइड किंवा मेटफॉर्मिन, ताकदीच्या पुडीत सिल्डेनाफिल.

यातले प्रत्येक औषध आपापल्या जागी कामाचे आहे. धोका आहे तो न सांगता दिल्याचा. स्टेरॉइड काही आठवडे रोज पोटात गेले की शरीर स्वतःचे बनवणे आवरते घेते. मग बाजाराला खाडा पडला, पुडी संपली, की अचानक गळून जाणे, ओकाऱ्या, रक्तदाब खाली येणे सुरू होते, आणि दवाखान्यातल्या डॉक्टरला कारण कळत नाही कारण रोगी शपथेवर सांगतो की मी फक्त झाडपाला घेतो. ग्लिबेनक्लामाइडची पुडी घेऊन एखाद्या आजीने एकादशी केली तर साखर इतकी खाली जाते की ती बेशुद्ध पडू शकते. हृदयरोग्याने जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी आणि ताकदीची पुडी एकाच दिवशी घेतली, तर रक्तदाब कोसळतो.

पुडीचा संशय कधी घ्यावा, याची एक खूण आम्ही गिऱ्हाइकाला सांगतो. जुनाट गुडघेदुखी एका रात्रीत पळाली तर आनंद मानू नका, पुडी घेऊन या. निर्गुडी, रास्ना, शल्लकी यांपैकी कशानेही असे होत नाही. दोन-तीन आठवड्यांत तोंड गोल झाले, भूक वाढली, साखर चढली, तर संशय आणखी घट्ट धरा.

ही पुडी पकडायला फार मोठी यंत्रणा लागते हा समज काढून टाकायला हवा. पक्का अहवाल मोठ्या प्रयोगशाळेतूनच येईल, पण पहिली चाळणी जिल्ह्याच्या ठिकाणी, एका टेबलावर, तासा-दीड तासात होते. थिन लेयर क्रोमॅटोग्राफी म्हणजे टीएलसी ही पद्धत फार्मसी कॉलेजची मुले दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी शिकतात. पुडीतले ५ ग्रॅम चूर्ण २५ मिली मिथेनॉलमध्ये घालून पंधरा मिनिटे हलवायचे, गाळायचे, आणि गाळलेले द्रावण पाण्याच्या वाफेवर आटवून सुमारे १ मिलीवर आणायचे. हे आटवणे चुकवायचे नाही. एका मात्रेत स्टेरॉइड जेमतेम अर्धा मिलिग्रॅम असते, पातळ द्रावणात ते दिसतच नाही आणि तपासणारा ‘काही नाही’ म्हणून मोकळा होतो. मग सिलिकाच्या चकाकत्या पट्टीवर (जिच्यात २५४ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात चमकणारा घटक मिसळलेला असतो) खाली एका ओळीत थेंब द्यायचे : एक नमुन्याचा, आणि त्याच पट्टीवर शेजारी शुद्ध डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, डायक्लोफेनॅक, ग्लिबेनक्लामाइडचा एकेक. पट्टी झाकणाच्या भांड्यात द्रावकात उभी करायची, द्रावक वर चढला की काढून वाळवायची आणि अतिनील दिव्याखाली बघायची. नमुन्याचा काळा ठिपका ज्या शुद्ध औषधाच्या उंचीला आला, त्याचा संशय. तेवढ्यावरून पुडीचा उरलेला भाग मोठ्या प्रयोगशाळेला पाठवायचा.

चुका कुठे होतात तेही लिहितो, म्हणजे ही पद्धत कोणी डोक्यावर घेऊन नाचणार नाही. थेंब मोठा पडला की वनस्पतीचा हिरवा-तपकिरी रंग पट्टीभर फराटा ओढतो आणि खालचा ठिपका झाकला जातो. भांडे द्रावकाच्या वाफेने भरायच्या आधीच पट्टी आत ठेवली तर रेघ वाकडी चढते. शुद्ध औषधाचा थेंब वेगळ्या पट्टीवर दिला तर तुलनेला अर्थ राहत नाही. आणि मेटफॉर्मिन या पट्टीवर खालून हलतच नाही, बुडालाच बसते, त्यामुळे साखरेच्या पुडीला टीएलसीत काही दिसले नाही म्हणजे ती स्वच्छ असे होत नाही. शिसे, पारा, आर्सेनिकही यात कळत नाहीत, त्यांना वेगळे यंत्र लागते. म्हणून आमची मागणी एवढीच : तिन्ही जिल्ह्यांत तुमच्या कार्यालयांनी जवळच्या फार्मसी कॉलेजांशी करार करून ही पहिली चाळणी ठरावीक शुल्कात ग्राहकाला उपलब्ध करावी. कोर्टात टिकणारा नमुना निरीक्षकच घेईल. त्याने कुठल्या बाजारात आधी जायचे, हे या चाळणीतून कळेल.

जड धातूंचे निघाले म्हणून. निव्वळ वनस्पतिजन्य आयुर्वेदिक औषधांत शिसे दहा लाख भागांत १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ यापुढे नसावे, अशी मर्यादा आहे. १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या मालाला ही तपासणी सक्तीची झाली. त्याला कारणही होते. २००४ मध्ये बॉस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये जड धातू आढळल्याचे छापून आले होते. अमेरिकेच्या गिऱ्हाइकासाठी जो अहवाल तयार होतो, तो शिरपूरच्या गिऱ्हाइकाला डबीवरचा क्यूआर कोड मोबाइलने स्कॅन केला की का दिसू नये? बॅच क्रमांक असतोच. अहवाल जोडायला कंपनीला फार काही लागत नाही. दाखवायची तयारी मात्र हवी.

आता व्हिटॅमिनकडे. इथे आमचा सूर थोडा बदलेल, कारण व्हिटॅमिनच्या बाबतीत भेसळीपेक्षा मात्रेचा घोळ मोठा आहे.

ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची कॅप्सूल किंवा पुडी घ्या. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये ठरवलेली प्रौढाची रोजची गरज ६०० युनिट, आणि रोज सुरक्षितपणे घेण्याची वरची मर्यादा ४,०००. म्हणजे एका कॅप्सूलमध्ये शंभर दिवसांचा शिधा आहे. डॉक्टर ती आठवड्याला एक, साधारण आठ आठवडे, अशी लिहितात. घरी गेल्यावर ती इतर गोळ्यांच्या डब्यात पडते आणि ‘रोज जेवणानंतर एक’च्या रांगेत जाऊन बसते. कमतरता नसलेली घरातली दुसरी माणसेही मग ‘हाडांना चांगली’ म्हणून घेतात. ड जीवनसत्त्व चरबीत साठते, लघवीवाटे निघून जात नाही. रक्तातले कॅल्शियम वाढते, मग तहान, मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी लघवी, पुढे गोंधळलेपणा आणि मूत्रपिंडावर ताण. गोळी बंद केल्यावरही हे आठवडेच्या आठवडे रेंगाळते.

यावर उपाय म्हणून काही जण म्हणतात, चिठ्ठीशिवाय देऊच नका. आम्हाला ते पटत नाही. धडगावच्या पाड्यावरून तालुक्याला यायचे म्हणजे दिवसाची मजुरी जाते. चिठ्ठीची सक्ती केली की गोळी बंद होणार नाही, चिठ्ठी विकणारे सुरू होतील. त्यापेक्षा साठ हजारी कॅप्सूलच्या प्रत्येक पट्टीवर, खोक्यावर नव्हे, ‘आठवड्यातून एकच’ असे ठळक मराठीत छापायला लावा. जमले तर वाराची जागा द्या, म्हणजे घेतली की त्या वारावर खूण करता येईल. पट्टी ही जागा महत्त्वाची, कारण दुकानदार पट्टी कापून देतो आणि खोके दुकानातच राहते. कापलेल्या तुकड्यावर जे छापलेले नसेल ते गिऱ्हाइकाला कधीच कळत नाही.

बी-१२ चे तसे नाही. ते पाण्यात विरघळते, जास्त झालेले बव्हंशी निघून जाते. आमच्याकडे शाकाहारी घरे पुष्कळ, आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते बऱ्याचदा कमी पडते, त्यामुळे बी-१२ वर कोणी कुंपण घालायला निघाले तर आम्ही आडवे येऊ. केसांसाठीच्या बायोटिनच्या गोड गोळ्यांनी इजा फारशी होत नाही, पण रक्ताच्या काही तपासण्या खोट्या ठरतात. थायरॉइड नसताना आहे असा अहवाल येतो, हृदयविकाराच्या झटक्याची ट्रोपोनिन तपासणी खोटी नकारार्थी येऊ शकते. तपासणीच्या दोन दिवस आधी थांबवली तर साधारणपणे निभावते. हे वाक्य डबीवर कुठेही नसते. लोह आणि कॅल्शियम थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब ठेवावे, हेही नसते.

लोहाबद्दल एक वेगळी ओळ नंदुरबारसाठी. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा वस्त्यांत सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. रक्त कमी दिसले की ‘रक्तवाढीची’ बाटली घ्यायची हा सगळीकडचा रिवाज, पण सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी फुटतात म्हणून रक्त कमी होते, लोह संपले म्हणून होतेच असे नाही. तिथे फॉलिक ॲसिड द्यायचे असते. लोह तपासून, कमी असेल तरच. बाटलीवर हे एक वाक्य आणि शेजारी पाड्यावर समजेल असे एक चित्र, एवढे केले तर कुणाचेही स्वातंत्र्य जात नाही.

आता ज्या जागी प्रशासनाने पाऊलच टाकू नये ती जागा, म्हणजे घर.

बाळगुटी घ्या. सहाणेवर आईच्या दुधात किंवा उकळून गार केलेल्या पाण्यात हळकुंड, सुंठ, हिरडा, मुरुडशेंग, ज्येष्ठमध, वेखंड, जायफळ, खारीक, बदाम असे एकेक उगाळतात. मोजमाप वळशांचे. खारीक-बदामाचे वळसे वयाबरोबर वाढतात, पण वेखंड आणि जायफळ एका वळशापुढे जाऊ द्यायचे नाही, हे आजी आधी शिकवते. का? जायफळ जास्त झाले की बाळ गुंगते, आणि गुंगलेले बाळ शांत झोपले असे वाटून दुसऱ्या दिवशी आणखी एक वळसा पडतो. वेखंडात बीटा-ॲसरोन हे घातक मानले जाणारे रसायन असते, त्यामुळे अमेरिकेत १९६८ पासून ते खाद्यपदार्थांत चालत नाही. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीही नको, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात आणि आमच्यातले वैद्यही आता तेच सांगू लागले आहेत. ते समजावून सांगावे. आशाताई सांगतील, आजी-आजोबा ऐकतील किंवा ऐकणार नाहीत. पण त्यासाठी नियम करायला निघाल तर ते घराच्या उंबऱ्याच्या आत शिरणे होईल. हीच गुटी पावडर करून, डबीत घालून, पाळण्याचे चित्र लावून विकायला काढली की मात्र गोष्ट पालटते. वळसा गेला, चमचा आला. मग परवाना, घटक, प्रमाण, सगळे लागू.

परसातली गुळवेलही तशीच. मुंबईतल्या काही रुग्णांत गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झाल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि दोन्हीकडून धुरळा उडाला. एका बाजूने बंदी घाला, दुसऱ्या बाजूने आमच्या अमृताला बदनाम करता. फेब्रुवारी २०२२ मध्ये आयुष मंत्रालयाने सांगितले की गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी जात, टिनोस्पोरा क्रिस्पा, तिच्याशी गल्लत होऊ नये. तो खुलासा इंग्रजीत राहिला, म्हणून इथे मराठीत देतो. खरी गुळवेल हिरवट असते, तिच्या खोडावर बारीक गाठीगाठींचे फोड नसतात, साल नखाने सहज सुटते, मोडल्यावर दुधासारखा चीक येत नाही, आणि फळे गोल, लाल, घोसाने लागतात. क्रिस्पाचे खोड राखाडी, फोडांनी खरखरीत, साल सोलता सोलत नाही, चीक दुधी, आणि फळ लांबट, केशरी. एवढे ओळखता आले तरी ज्याला आधीच कावीळ झाली आहे किंवा ज्याला शरीराच्या प्रतिकारशक्तीमुळेच होणारा यकृताचा आजार आहे, त्याने खरी गुळवेलही वैद्याला किंवा डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये, असे आमच्यातल्या बहुतेकांचे मत आहे. हे प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावता येईल. बंदीपेक्षा स्वस्त पडेल.

नावाच्या अशा गल्लती आणखीही आहेत. बंगल्यांच्या कुंपणाला उभा लावलेला अशोक हा औषधातला अशोक नव्हे. औषधाचा तो सीताअशोक, त्याची साल महाग आणि कमी, म्हणून कुंपणवाल्याची साल सर्रास त्यात मिसळते. सातपुड्यातली सफेद मुसळी महाग म्हणून सोललेली शतावर तिच्या पोत्यात शिरते. हे विष नाही, पण फसवणूक आहे. आणि एखाद्या वेळी गल्लत जीवावरही बेतते. बेल्जियममध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वजन कमी करायच्या गोळ्यांत एका चिनी मुळीच्या जागी ॲरिस्टोलोकियाची मुळी पडली आणि शंभरावर बायकांची मूत्रपिंडे निकामी झाली. आपल्या रानातली ईश्वरी, म्हणजे सापसन, त्याच कुळातली आहे आणि सर्पदंशावर अजून उगाळून दिली जाते. सर्पदंशाला फक्त सरकारी दवाखाना, यावर आमच्यात दुमत नाही.

बनवणाऱ्यांबद्दल. औषध कायद्याच्या कलम ३३-ईईसी च्या परंतुकाप्रमाणे, म्हणजे कलमालाच जोडलेल्या सवलतीप्रमाणे, वैद्य आणि हकीम स्वतःच्या रुग्णासाठी औषध बनवू शकतात. ही सवलत फार मोलाची आहे आणि तिची मर्यादाही स्पष्ट आहे : स्वतःचा रुग्ण. डबीवर छाप मारून ती शेजारच्या दुकानात ठेवली की सवलत संपली. या दोन्ही बाजू मराठीत एका पानावर लिहून प्रत्येक तालुक्यात लावा. आज परंतुक माहीत नसलेला वैद्य निरीक्षकाला बिचकतो, आणि ते माहीत असलेला एखादा व्यापारी वैद्याच्या आडून कारखाना चालवतो.

बाजारासाठी बनवायचे तर औषध नियमांतल्या अनुसूची टी प्रमाणे किमान १२०० चौरस फूट बंदिस्त जागा, वेगवेगळ्या कामांना वेगळे कप्पे. रसभस्मांच्या कारखान्याला आमचा याला विरोध नाही. पण अक्कलकुव्याच्या बचत गटाला हिरडा, बेहडा, आवळा एवढ्याच तीन फळांचे त्रिफळा चूर्ण करायचे आहे. वनहक्क कायद्याने गौण वनोपज त्यांचे झाले, पोत्याने विकले तर भाव पडतो, चूर्ण केले तर परवाना नाही. त्रिफळ्यात चूक कुठे होते ते आम्हाला ठाऊक आहे. तिन्ही फळांच्या बिया काढायच्या असतात. बेहड्याच्या बिया न काढता दळले की वजन वाढते आणि गुण घटतो. फळे वेगवेगळी दळून, ८० नंबरच्या चाळणीतून काढून, मग समभाग मिसळायची, कारण एकत्र दळली तर आवळा चिकटून बसतो. मेच्या उन्हात, आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा, वाळवण कडकडीत होते. जुलैत दळले की दमट पडते आणि बुरशी धरते. यासाठी प्रत्येक गटाला बाराशे फूट कशाला? तालुक्याला एक सामाईक दळण-चाळण केंद्र, एक जबाबदार वैद्य किंवा फार्मसिस्ट, आणि त्या केंद्राच्या परवान्यावर अनेक गटांचा माल, अशी सोय वनोपजावर प्रक्रिया करणाऱ्या वनधन केंद्रांना जोडून करता येईल. बिब्ब्यासारख्या अनुसूची ई(१) मधल्या विषारी द्रव्यांना या सोयीतून कटाक्षाने वगळा. टोपी काढून, विटेच्या भुकटीत घोळून तेल शोषले जाईपर्यंत ज्याने बिब्बा शुद्ध केला आहे, त्यालाच कळते की खोबरेल न लावता हात घातला तर तो कसा उततो.

तारखेबद्दलही जाता जाता. शार्ङ्गधर या जुन्या आयुर्वेद ग्रंथकाराने चूर्णाचे वीर्य, म्हणजे गुण, दोन महिन्यांनी उतरते असे म्हटले आहे. नियम आज चूर्णाला दोन वर्षे देतो. बंद डबीमुळे फरक पडतो हे मान्य, पण डबी उघडल्यावर किती दिवसांत संपवायची ते तरी छापायला लावा.

अनुसूची ई(१) मधली द्रव्ये असलेल्या औषधांवर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशी सूचना इंग्रजी आणि हिंदीत छापण्याचा नियम आहे. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या मालावर ती मराठीतही हवी, हे सांगावे लागते याचेच नवल.

जाहिरातींवर लिहायला बसलो तर पत्र संपणार नाही. डिसेंबर २०१८ मध्ये आयुर्वेदिक औषधांच्या जाहिरातीला आधी मंजुरी घ्यायला लावणारा नियम १७० आला, १ जुलै २०२४ ला तो वगळल्याची अधिसूचना निघाली, २७ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली, ती स्थगितीही ऑगस्ट २०२५ मध्ये उठली. दिल्लीतली ही ओढाताण चालू असताना १९५४ चा औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा कुठेही गेला नव्हता. त्याच्या अनुसूचीत मधुमेह, मोतीबिंदू, फेफरे, लठ्ठपणा असे ५४ विकार आहेत, आणि ते बरे करतो अशी जाहिरातच करायची नाही. ‘साखर मुळापासून’ असे लिहिलेली रिक्षा शहरात दिवसभर फिरते. तिला थांबवायला नवा नियम नको, लिहिलेला वाचणारा माणूस हवा.

सगळे मोकळे सोडा म्हणणाऱ्यांनी अमेरिका बघावी. तिथे १९९४ च्या कायद्याने पूरक आहार विकण्याआधी सुरक्षितता सिद्ध करण्याची अट नाही, धोका सरकारने दाखवायचा. एफेड्रा ही धोकादायक ठरलेली वनस्पती बाजारातून काढायला २००४ उजाडले. आणि सगळे बंद करा म्हणणाऱ्यांनी डेन्मार्क बघावा. त्याने २०२३ मध्ये अख्ख्या अश्वगंधावरच बंदी घातली. मूळ कुठले, पान कुठले, चूर्ण कुठले, अर्क कुठला, काही वेगळे न करता.

आपल्या नाशिक विभागाने या तीन जिल्ह्यांपैकी एका जिल्ह्यात टीएलसीची पहिली चाळणी येत्या पावसाळ्याआधी सुरू केली, तर तुलनेसाठी लागणारे खरे वनस्पती-नमुने आम्ही विनामूल्य देऊ : दोन्ही गुळवेली, दोन्ही अशोकाच्या साली, सफेद मुसळी आणि सोललेली शतावर, अश्वगंधाचे मूळ आणि पान, प्रत्येकी २०० ग्रॅम, कोणत्या महिन्यात कुठल्या रानातून काढले त्या चिठ्ठीसह. नमुने ठेवायला कोरड्या, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरण्या लागतील. प्लॅस्टिकच्या नकोत, जून लागला की त्यात घाम सुटतो.

आपले,
जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील काही वैद्य, फार्मसिस्ट, काष्ठौषधी विक्रेते आणि चूर्ण उत्पादक